चर्चमध्ये डोकं झाकण्याचा नियम केव्हाच गेला, मग तरुण कॅथलिक मुली पुन्हा लेसची ओढणी का घेतायत?

रविवारची सकाळ. चर्चबाहेर एक गाडी थांबते. गाडीतली विशीतली मुलगी पर्समधून छोटं पाऊच काढते. त्यातली लेसची ओढणी उलगडते, आरशात बघून केसांवर बसवते, क्लिप लावते आणि चर्चच्या दिशेने चालू लागते. अर्ध्या मिनिटाचा रील संपतो आणि खाली कमेंट्समध्ये वाद पेटतो.

कुणी लिहितं की फार सुंदर दिसतंय, मीही सुरू करणार. कुणी विचारतं की आज्यांनी जी गोष्ट सोडून दिली, ती नाती हौसेने परत का आणतायत? कुणी थेट बायबलमधला अध्याय टाकतं आणि डोकं उघडं ठेवून मिस्साला येणं पाप असल्याचं सांगून मोकळं होतं. कुणी म्हणतं, व्हॅटिकनने हे केव्हाच बंद केलंय.

अमेरिका आणि युरोपातल्या कॅथलिक तरुणींचे असे रील गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबवर सतत दिसतात. भारतातल्या कॅथलिक मुलींच्या फीडमध्येही ते येतात. मग नियम नेमका काय आहे? तो कधी आला, कधी गेला? आणि आता सक्ती नसतानाही काही जणी डोकं का झाकतायत?

ही ओढणी म्हणजे नेमकं काय?

रील्समध्ये दिसणाऱ्या लेसच्या ओढणीला 'मँटिला' म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे. स्पेनमध्ये बायका केसांत उंच कंगवा खोचून त्यावरून लेसची मँटिला सोडत. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, काळी मँटिला घेतलेल्या बायका आजही तिथे दिसतात. स्पेनमधून हा प्रकार लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स असा पसरला. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याची फॅशनच आली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी मार्च १९६२ मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर काळी मँटिला होती.

पण डोकं झाकायला मँटिलाच हवी असं कधीच नव्हतं. टोपी, स्कार्फ, रुमाल, शाल, आपल्याकडे साडीचा पदर किंवा ओढणी, यातलं काहीही चालत असे. आता तर वेगवेगळे प्रकार ऑनलाइन मिळतात. आतून क्लिप शिवलेल्या ओढण्या असतात. कडेवरचं बाळ लेस ओढून काढतं म्हणून आयांसाठी गळ्याभोवती गोल फिरणाऱ्या, सहज न निघणाऱ्या ओढण्याही निघाल्यात. अनेक जणी घरी शिवून एट्सीसारख्या साइटवर त्या विकतात.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. नन्सच्या डोक्यावरचं वस्त्र वेगळं. ते त्यांच्या व्रताचं आणि संस्थेच्या गणवेशाचा भाग असतं. इथे विषय आहे तो रविवारी मिस्साला येणाऱ्या सामान्य बायकांचा.

सुरुवात कुठून झाली?

या वादात सगळ्यात जास्त शेअर होतं ते बायबलच्या नव्या करारातलं 'करिंथकरांस पहिले पत्र'. त्याचा ११ वा अध्याय. येशूच्या मृत्यूनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी, इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात, संत पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिलं. प्रार्थना करताना किंवा संदेश देताना पुरुषाने डोकं झाकू नये आणि स्त्रीने झाकावं, असं तो यात सांगतो.

त्या काळच्या करिंथमध्ये याला एक संदर्भ होता. करिंथ तेव्हा रोमन वसाहत होती. रोमन पुरुष देवांना बळी अर्पण करताना अंगावरच्या टोग्याचा काठ डोक्यावर ओढून घेत. सम्राट ऑगस्टसचा डोकं झाकलेला असा पुतळा करिंथच्या उत्खननात सापडलाय. प्रतिष्ठित घरातल्या विवाहित स्त्रियाही बाहेर पडताना वस्त्राचा काठ डोक्यावर घेत. म्हणजे पौल बायकांना सांगत होता ते ओळखीचं होतं. पुरुषांना सांगत होता ते मात्र रोमन रिवाजाच्या उलटं होतं.

पौलाने दिलेली कारणं वाचली की वाद का होतो ते कळतं. पुरुष हा स्त्रीचं मस्तक आहे, असं तो आधी म्हणतो. पुढे लगेच, प्रभूमध्ये स्त्रीशिवाय पुरुष नाही आणि पुरुषाशिवाय स्त्री नाही, असंही म्हणतो. मध्येच देवदूतांचं कारण देतो आणि ते स्पष्ट करत नाही. शेवटी स्त्रीला लांब केस हे आच्छादन म्हणूनच दिलेत, असंही लिहितो. त्यामुळे हा आदेश सगळ्या काळांसाठी होता की त्या शहरापुरता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

वाद जुना आहे याचा एक पुरावा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात तेर्तुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने अविवाहित मुलींनीही डोकं झाकलंच पाहिजे, असा आग्रह धरणारं अख्खं पुस्तक लिहिलं. पुस्तक लिहावं लागलं, कारण तिथल्या काही मुली डोकं न झाकता चर्चमध्ये येत होत्या. म्हणजे 'पूर्वी सगळ्या जणी निमूट झाकायच्या' हे चित्रही पूर्ण खरं नाही.

नियम लेखी कधी झाला?

शतकानुशतकं ही रीत होती. कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, पहिल्यांदा एका संहितेत मांडला गेला तो १९१७ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या काळात. त्यातल्या कलम १२६२ मध्ये लिहिलं होतं की पवित्र विधींच्या वेळी पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं. स्त्रियांनी डोकं झाकलेलं असावं आणि वेश शालीन असावा, विशेषतः कम्युनियन घ्यायला जाताना. त्याच कलमात एक गोष्ट अशीही होती जी आज फारसं कुणी शेअर करत नाही. जुन्या शिस्तीप्रमाणे चर्चमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे बसले तर बरं, असंही त्यात सुचवलं होतं.

१९१८ पासून ही संहिता लागू झाली. पुढची साठेक वर्षं डोकं झाकणं ही कागदावर तरी बायकांसाठी बंधनकारक गोष्ट होती.

मग ओढणी गेली कशी?

एका दिवसात नाही गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि युरोपात रोज टोपी घालण्याची पद्धतच मागे पडत गेली. रस्त्यावर टोपी नाही, ऑफिसात टोपी नाही, फक्त रविवारी चर्चसाठी टोपी. ती घरी विसरली की पंचाईत. त्या पिढीतल्या अमेरिकन कॅथलिक बायकांची एक आठवण ठरलेली असते. टोपी विसरलेली मुलगी चर्चच्या दारात थांबायची, आई पर्समधून टिश्यू पेपर काढायची आणि केसांना पिनेने टोचून द्यायची. मग ती मुलगी डोक्यावर टिश्यू पेपर घेऊन पूर्ण मिस्सा बसायची. नियम पाळला जायचा, पण त्यात आदर किती आणि उपचार किती, हा प्रश्न तेव्हाच पडायला लागला होता.

त्याच काळात अमेरिकेत स्त्री चळवळ उभी राहत होती. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन म्हणजे 'नाऊ' या संघटनेने १९६८ मध्ये ठरावच केला. अनेक चर्चमध्ये डोकं झाकणं हे स्त्रीच्या दुय्यमपणाचं चिन्ह आहे, तेव्हा बायकांनी आपली शिरवस्त्रं संघटनेकडे पाठवून द्यावीत, असं आवाहन त्यात होतं. पुढच्याच वर्षी मिलवॉकी शहरात काही बायका टोप्या घालून मिस्साला गेल्या आणि कम्युनियनच्या वेळी त्यांनी टोप्या काढून वेदीसमोरच्या कठड्यावर ठेवल्या. ही घटना 'ईस्टर बॉनेट रिबेलियन' म्हणून ओळखली जाते.

१९६९ मध्ये गोंधळात भर पडली ती वर्तमानपत्रांमुळे. व्हॅटिकनमध्ये उपासनेतल्या सुधारणांचं काम पाहणारे मॉन्सिन्यॉर अन्निबाले बुन्यिनी यांच्या हवाल्याने 'आता बायकांना डोकं झाकावं लागणार नाही' अशा बातम्या छापून आल्या. आपल्या बोलण्याचा चुकीचा अर्थ काढला गेला, नियम बदललेला नाही, असा खुलासा त्यांनी केला. पण तोवर बातमी जगभर पोहोचली होती. खुलासा मागे राहिला आणि बातमी पुढे गेली. फेक न्यूजच्या जमान्यात हे काही नवीन वाटू नये.

नियम नेमका कधी संपला?

इथे दोन तारखा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, १५ ऑक्टोबर १९७६. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने 'इंतर इन्सिग्निओरेस' नावाचं निवेदन काढलं. त्याचा विषय होता स्त्रियांना धर्मगुरू होता येईल का, आणि उत्तर होतं, नाही. पण युक्तिवादाच्या ओघात एक आक्षेप हाताळावा लागला. पौलाचा डोकं झाकण्याचा आदेश तुम्ही आज पाळत नाही, मग स्त्रियांबद्दलचे बाकीचे आदेश का पाळता? त्यावर निवेदनात म्हटलं गेलं की डोकं झाकण्याचा आदेश बहुधा त्या काळच्या रिवाजातून आला होता, ती किरकोळ शिस्तीची बाब होती आणि आता ती बंधनकारक नाही. म्हणजे ओढणीची सक्ती नसल्याचं स्पष्ट सांगणारा मजकूर आला तो स्त्रियांना धर्मगुरुपद नाकारणाऱ्या कागदात.

दुसरी तारीख, २७ नोव्हेंबर १९८३. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वर्षी जाहीर केलेली नवी संहिता या दिवशी लागू झाली. तिच्या कलम ६ ने १९१७ ची संहिता रद्द केली. नव्या संहितेत बायकांनी डोकं झाकण्याबद्दल एकही कलम नाही.

सोशल मीडियावरचे दावे आणि वस्तुस्थिती

दावा: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ओढणी बंद केली.
वस्तुस्थिती: १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या या परिषदेने १६ दस्तऐवज मंजूर केले. एकातही हा विषय नाही. परिषदेनंतर वातावरण बदललं हे खरं, पण परिषदेने असा निर्णय घेतला नव्हता.

दावा: नियम नावानिशी कधी रद्दच झाला नाही, म्हणून तो आजही लागू आहे.
वस्तुस्थिती: हा परंपरावादी गटांचा आवडता युक्तिवाद आहे. शेकडो वर्षं चालत आलेली रीत नव्या कायद्याने आपोआप जात नाही, हे कलम २८ मध्ये आहे, असं ते दाखवतात. पण विरुद्ध रीत रुजली की जुनी रीत संपते, हेही त्याच कलमात आहे. शिवाय ज्या संहितेत नियम लेखी होता ती अख्खीच रद्द झाली आणि १९७६ चं निवेदन तर स्पष्टच आहे.

दावा: निदान जुन्या लॅटिन मिस्साला तरी डोकं झाकलं नाही तर पाप लागतं.
वस्तुस्थिती: परंपरावादी कॅथलिकांना जवळचे वाटणारे अमेरिकन कार्डिनल रेमंड बर्क चर्चच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख होते, तेव्हा २०११ मध्ये एका पत्राच्या उत्तरात त्यांनी यावर लिहिलं होतं. जुन्या पद्धतीच्या मिस्सात बायकांनी डोकं झाकावं अशी अपेक्षा असते, पण न झाकता येणं हे पाप नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दावा: पांढरी ओढणी कुमारिकांची आणि काळी विवाहितांची, हा नियम आहे.
वस्तुस्थिती: हा काही ठिकाणचा संकेत आहे. चर्चच्या कायद्यात रंगाचा नियम कधीच नव्हता. आज निळ्या, गुलाबी, सोनेरी ओढण्याही दिसतात. काही जणी तर चर्चमधल्या ऋतूंप्रमाणे रंग बदलतात.

सक्ती नाही, तरी मुली का घेतायत?

एक धागा जुन्या लॅटिन मिस्साचा आहे. परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत व्हायला लागली. पण लॅटिनमधली जुनी मिस्सा जपणारे गट राहिले आणि त्यांच्याकडे ओढणीही राहिली. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सावरचे निर्बंध बरेच सैल केले, तेव्हा अनेक तरुण पहिल्यांदाच तिकडे वळले. तिथे मुलींना डोकं झाकलेल्या बायका दिसल्या. अशा काही चर्चच्या दारात आजही ओढण्यांची टोपली ठेवलेली असते, विसरलेल्यांसाठी. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सावर पुन्हा कडक निर्बंध आणले. पण ओढणी तेवढ्यापुरती राहिली नव्हती. ती नेहमीच्या इंग्रजी किंवा स्पॅनिश मिस्सातही दिसायला लागली होती.

दुसरा धागा श्रद्धेचा. ओढणी घेणाऱ्या मुली सांगतात ती कारणं साधारण सारखी असतात. चर्चमध्ये पवित्र मानलेल्या वस्तू झाकलेल्या असतात. वेदीवर वस्त्र असतं, कम्युनियनच्या पात्रावर वस्त्र असतं, जिथे ख्रिस्तप्रसाद ठेवतात त्या कपाटावरही पडदा असतो. मग झाकणं म्हणजे लपवणं नाही, मान देणं, असं त्या मांडतात. कुणी मारियेचं उदाहरण देतं. कुणाला नजर इकडेतिकडे जात नाही, प्रार्थनेत लक्ष लागतं, एवढंच साधं कारण पुरतं.

तिसरा धागा पिढीचा. या मुलींच्या आज्यांनी ओढणी सोडली ती सक्ती होती म्हणून. या मुलींवर ती सक्ती कधी झालीच नाही. त्यांच्यासाठी ती आईकडून आलेली शिस्त नसून स्वतः शोधून काढलेली जुनी गोष्ट आहे. आजीला जी ओझं वाटली, ती नातीला ओळख वाटते.

मग विरोध कशाला?

विरोध करणाऱ्यांचा पहिला मुद्दा पौलाच्या शब्दांचा. 'मान देणं' हा अर्थ छान आहे, पण मूळ पत्रात कारण म्हणून आधी येतं ते पुरुष हा स्त्रीचं मस्तक असल्याचं. ते वगळून फक्त लेस घेता येते का, असं त्या विचारतात. शिवाय पुरुषांना देवाला मान द्यायला डोकं उघडं ठेवावं लागतं आणि बायकांना झाकावं लागतं, तर हा नियम आदराचा की बाईपणाचा?

दुसरा मुद्दा रोजच्या अनुभवाचा. जिथे सगळ्या जणी ओढणी घेतात, तिथे न घेणारी उठून दिसते. मग कुणी प्रेमाने समजावतं, कुणी टोपलीतली ओढणी पुढे करतं, कुणी नुसतं बघतं. नियम नाही, पण निवड तरी उरते का? आणि याच्या उलटही घडतं. नेहमीच्या चर्चमध्ये ओढणी घेणारी एकटीच मुलगी असेल तर तिला दिखाऊ, कट्टर किंवा 'जास्तच धार्मिक' ठरवलं जातं. ओढणी घेण्याची इच्छा असूनही लोक काय म्हणतील म्हणून न घेणाऱ्या मुली आहेत, तशा नको असूनही घेणाऱ्याही आहेत.

तिसरा मुद्दा रील्सचा. जी गोष्ट नम्रतेसाठी म्हणून घ्यायची, तिचे फिल्टर लावलेले व्हिडिओ टाकायचे, यात विसंगती नाही का? हा प्रश्न ओढणी घेणाऱ्या अनेक जणीही विचारतात.

जिथे ही रीत कधी गेलीच नाही

हा सगळा वाद पाश्चात्त्य देशांमधला आहे. आशियात गोष्ट वेगळी आहे.

दक्षिण कोरियात साध्यासुध्या रविवारच्या मिस्सालाही पांढरी लेसची ओढणी घेतलेल्या बायका रांगेने दिसतात. तिला तिथे 'मिसाबो' म्हणतात, म्हणजे मिस्साचं वस्त्र. बाप्तिस्मा घेताना ती भेट म्हणून देण्याची पद्धत आहे. तिथे ओढणी घेतली म्हणजे बाई जुन्या लॅटिन मिस्साची समर्थक, असा अर्थ कुणी काढत नाही.

भारतातही तेच. केरळमध्ये सिरो-मलबार चर्चच्या उपासनेला गेलं तर साडीचा पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतलेल्या बायका सहज दिसतात. जुन्या पिढीतल्या ख्रिस्ती बायका पांढरा चट्टा आणि मुंडू घालत आणि चर्चला जाताना 'कवणी' नावाचं वस्त्र पांघरत. गोव्यात पूर्वी कॅथलिक बायका चर्चला निघताना डोक्यावरून पांढरी चादर घेत. कोकणीत तिला 'वोल' म्हणत. वसईत, जिथे आजही मराठीतून मिस्सा होते, लुगडं नेसणाऱ्या आजीला मँटिला हा शब्द ठाऊकही नसेल. डोक्यावर घ्यायला तिचा पदर होता.

पण पदराची गोष्ट लेसइतकी सरळ नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पदर फक्त देवापुढे घेतला जात नाही. तो सासऱ्यांपुढे घेतला जातो, वडीलधाऱ्यांपुढे घेतला जातो, चारचौघांत घेतला जातो. तो ख्रिस्ती घरात आहे तसा हिंदू घरातही आहे. त्यामुळे चर्चमध्ये पदर घेणारी बाई पौलाचं पत्र पाळत असते, गावाची रीत पाळत असते की दोन्ही, हे तिचं तिलाही वेगळं करून सांगता येईलच असं नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते. अमेरिकेतल्या नेहमीच्या चर्चमध्ये ओढणी घेणारी मुलगी उठून दिसते. केरळमधल्या एखाद्या गावात न घेणारी उठून दिसते. कापड तेवढंच, पण धाडस कुणाला करावं लागतं ते जागेप्रमाणे बदलतं.

पोपना भेटताना काळी ओढणी लागते का?

मेलानिया ट्रम्प यांनी मे २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटताना काळी ओढणी घेतली होती. मिशेल ओबामा यांनीही २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या भेटीत घेतली होती. हा मिस्साचा नियम नाही, व्हॅटिकनचा राजशिष्टाचार आहे, आणि तोही आता सैल झालाय. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन १९९७ मध्ये डोकं न झाकता पोप दुसरे जॉन पॉल यांना भेटल्या होत्या.

यातला एक मजेशीर अपवाद म्हणजे पांढऱ्या रंगाचा मान. पोपसमोर पांढरे कपडे घालण्याचा हक्क परंपरेने कॅथलिक राजघराण्यांतल्या मोजक्याच स्त्रियांना आहे. १८ मे २०२५ ला पोप चौदावे लिओ यांच्या पदग्रहणाच्या मिस्साला स्पेनच्या राणी लेतिसिया आणि बेल्जियमच्या राणी मातिल्ड पांढऱ्या वेशात आल्या होत्या, त्या यामुळेच.

मग आज नियम काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, लॅटिन पद्धतीच्या कॅथलिक चर्चमध्ये म्हणजे मुंबई, वसई, पुणे, गोवा इथल्या बहुतेक चर्चमध्ये बाईने डोकं झाकलंच पाहिजे असा कायदा आज नाही. झाकू नये असाही नाही. डोकं उघडं आहे म्हणून कम्युनियन नाकारायला कायद्यात आधार नाही आणि ओढणी घेतली म्हणून ती काढायला लावायलाही नाही. एखाद्या ठिकाणची रीत वेगळी असेल तर पाहुणी म्हणून ती पाळणं हा शिष्टाचार झाला, पाप-पुण्याचा हिशेब नाही.

साठ वर्षांपूर्वी टोपी विसरलेल्या मुलीच्या डोक्यावर टिश्यू पेपर टोचला जायचा, कारण तिला विचारायची पद्धत नव्हती. आज कायद्याने तो निर्णय तिच्याकडे दिलाय. तो खरोखर तिच्याकडे राहतो का, हे शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसांवर अवलंबून आहे. आणि आता थोडंफार रीलखाली कमेंट करणाऱ्यांवरही.